भैयाजींच्या हातात दिलेली चिठ्ठी

पक्षात माणूस विचारानं जातो म्हणतात. मी गेलो तो एका माणसाच्या गालावर वाळलेल्या साबणामुळं.

आमचा धंदा गलाईचा. सांगलीकडच्या आमच्या कोरड्या भागातली माणसं या कामासाठी देशभर पसरली आहेत. सराफांकडचे मोडीचे दागिने, कारागिरांच्या खोलीतली झाडलोट, असलं सगळं गाळायचं, तेजाबात घालायचं आणि सोनं-चांदी वेगळी काढून द्यायची. मी आठवीतून शाळा सोडून बनारसला आलो त्याला आता बावीस वर्षं झाली. चौक नावाच्या बाजाराच्या मागच्या एका गल्लीत आमच्या सात भट्ट्या होत्या, सातही आमच्याच तालुक्यातल्या लोकांच्या. पहिली तात्यांची. तात्या माझे सख्खे कोणी नव्हेत. वडिलांच्या ओळखीवर त्यांनी मला इकडं आणलं, हाताखाली घेतलं. तेजाबानं पहिल्यांदा माझी बोटं भाजली तेव्हा माझा हात नळाखाली धरून ते अर्धा तास उभे होते, आणि तेवढा वेळ मला शिव्या घालत होते. धंदा त्यांनी शिकवला, पुढं शेजारचा गाळा रिकामा झाला तेव्हा माझी वेगळी भट्टी पण त्यांनीच लावून दिली.

गलाईवाल्याच्या मागं पोलीस असतातच. चोरीचा माल एकदा गाळला की चांदी ती चांदीच, कुणाची होती हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. मग बोट कुणावरही ठेवता येतं. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी ते माझ्यावर ठेवलं गेलं. कुठल्यातरी घरातले पैंजण म्हणे माझ्या भट्टीत वितळले. मला चौकीत नेऊन बाकावर बसवलं. मी काही केलं नव्हतं, तरी माझे पाय असे थरथरत होते की समोरच्या शिपायाला माझं अपराधीपण तिथंच सिद्ध झाल्यासारखं वाटलं असणार.

तात्या धावत जाऊन भैयाजींना घेऊन आले. भैयाजी तेव्हा निवडून आलेले नव्हते, पक्षाचं वॉर्डातलं काम बघायचे. घरातून तसेच निघून आले होते. पायात रबरी चपला, एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालावर साबण वाळून पापुद्रा धरलेला. ते माझ्या शेजारी बाकावर बसले आणि दरोगाला, म्हणजे तिथल्या फौजदाराला, म्हणाले, "जब तक ये बैठा है, हम भी बैठे हैं।" कुल्हडातला चहा आला तो आधी माझ्या हातात दिला. दुपारी तीनला मला सोडलं. त्या दिवसाचा त्यांनी पुढं कधी उल्लेख केला नाही. एकदाही नाही. परमुलखात आठवी शिकलेल्या माणसाच्या शेजारी कुणी असं येऊन बसलं तर त्या माणसाचं पुढं काय होतं, हे ज्याच्या बाबतीत झालं त्यालाच कळेल.

मग मी त्यांचा झालो. बूथचं काम माझ्याकडं आलं. ब्रह्मा घाट, बालाजी घाट, त्या बाजूच्या जुन्या मराठी घरांत मतदारांच्या चिठ्ठ्या मी वाटायचो. ती माणसं पाच-सहा पिढ्यांची इथली. सकाळी आतून वेदांचे स्वर ऐकू येतात, नातवंडं मात्र आजोबांच्या मराठीला हिंदीत उत्तर देतात. पक्षाच्या दुसऱ्या कार्यकर्त्याला तिथं दारातूनच परत पाठवायचे, मला "आत या, पाणी घ्या" म्हणायचे. भैयाजी चारचौघांत मला 'हमारे मराठा' म्हणून पुढं करायचे. मला ते आवडायचं. लपवून काय करू?

मग ते स्वतः वॉर्डातून उभे राहिले. तेव्हा आमच्या गल्लीत भट्ट्यांच्या धुराची कुरकुर सुरू झाली होती. आजूबाजूच्या घरांची एकामागून एक गेस्टहाउसं होत होती, गच्चीवर परदेशी पाहुणे नाश्त्याला बसायचे आणि खालून आमचा पिवळट तांबडा धूर वर जायचा. त्यांची तक्रार खोटी नव्हती. गच्चीवरच्या कुंड्यांतली पानं कडेनं करपायची. तात्यांचा खोकला तर तीन घरं पलीकडं ओळखू यायचा.

भैयाजी गल्लीत आले, तात्यांच्या बाजेवर मांडी घालून बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भट्ठी को कोई हाथ नहीं लगाएगा। सबकी मिलाकर एक ऊँची चिमनी बनेगी, ये हमारा ज़िम्मा।" तात्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मराठीत विचारलं, "खरं का रं?"

मी म्हणालो, "माझा शब्द हाय तात्या."

सातही घरांनी मतं दिली. ती भैयाजींच्या शब्दावर दिली की माझ्या, हे तेव्हा विचारायचं कारण नव्हतं.

निवडून आल्यावर आठ महिन्यांनी एका दुपारी सरकारी माणसं आली आणि सातही गाळ्यांना सील ठोकलं. भट्टीतली मूस काढू द्या म्हणून तात्या विनवत होते, ती पण आतच राहिली. साहेबाच्या हातात एक कागद होता. मी तो लांबूनच ओळखला. भैयाजींचं लेटरहेड. छापखान्यातून त्याचे गठ्ठे मीच सायकलवरून आणले होते. निळी शाई उजव्या कोपऱ्यात जरा पसरली होती म्हणून छापखानेवाल्याशी भांडलोही होतो. त्या पसरलेल्या निळ्या डागाखाली लिहिलं होतं की जनहितासाठी या भट्ट्या तातडीनं बंद कराव्यात. खाली सही.

त्यांनी येऊन सांगितलं असतं, बाबांनो, हे इथं चालणार नाही, शहराबाहेर जागा बघा, तीन महिने घ्या, तर आम्ही कुरकुरत का होईना ऐकलं असतं. तात्यासुद्धा. पण सगळ्यांसमोर एक बोलायचं आणि कागदावर दुसरं लिहायचं, आणि मध्ये शब्द माझा.

दुसऱ्या दिवशी तात्या बंद दाराच्या पायरीवर बसून म्हणाले, "इचार की तुझ्या भैयाजीला." बाकीचे पाच जण माझ्याकडं बघत होते. त्यांची बायकापोरं इथं, मुलांच्या शाळा इथं. भट्टी उघडली नाही तर उठून जायला लागणार, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना माहीत होतं.

मी गेलो. एकदा नाही, चार वेळा गेलो. रोज सकाळी भैयाजींच्या बैठकीत अर्ज घेऊन आलेल्या लोकांची गर्दी असते. मी कडेला उभा राहायचो. त्यांची नजर माझ्यावर पडली की ते हसून विचारायचे, "का हो मराठा, सब ठीक?" आणि माझ्या तोंडातून निघायचं, "जी भैयाजी, आपकी कृपा है।" मग मी बाहेर येऊन पानाच्या टपरीपाशी उभा राहायचो आणि स्वतःला शिव्या द्यायचो. त्यांचा चेहरा बघितला की मला तो वाळलेला साबणच दिसायचा. त्या गालाला मी काय बोलणार?

चौथ्या खेपेनंतर मी चिठ्ठी लिहिली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईकानं आणलेल्या सोन्याचा टंच काढला आणि त्यात खोट निघाली, तर ते तोंडानं सांगायचं नाही. दुकानात चार माणसं बसलेली असतात, त्याची अब्रू जाते. कागदाच्या तुकड्यावर आकडा लिहायचा, दोन घड्या घालायच्या आणि तो पालथा करून त्याच्या हातात द्यायचा. घडीची चिठ्ठी हातात आली की माणूस समजतो. बाजूला जाऊन उघडतो, परत येऊन काय ते हळू आवाजात बोलतो. तात्यांनी मला धंद्यातली पहिली गोष्ट शिकवली ती ही. म्हणून मला वाटलं, भैयाजींना असंच सांगावं. त्यांचा मान राहील, माझी जीभ पण अडखळणार नाही.

चार ओळींना मला पूर्ण सकाळ लागली. हिंदीत लिहिलं की भैयाजी, आपण गल्लीत सगळ्यांसमोर भट्टीला हात लावू देणार नाही म्हणालात, आणि बंद करायचं पत्र आपलंच आहे. मी आपल्या वतीनं शब्द दिला होता. आपण स्वतः गल्लीत येऊन लोकांना काय ते सांगा.

बायकोनं खांद्यावरून वाचलं. ती दहावी पास आहे, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली.

"अवो, ह्ये तोंडानं बोलायचं सोडून लिवून कशाला देताय?"

"खोट चारचौघांत सांगत नसत्यात."

"ती सोन्याची. माणसाची खोट लिवून दिली की त्येचा कागूद हुतोय. मग त्यो कुणाच्याबी हातात जातोय."

मी तिचं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत माझी पाळी आली तेव्हा मी चिठ्ठी पालथी करून त्यांच्या हातात दिली आणि एक पाऊल मागं सरकलो, जसा धंद्यात सरकतो. भैयाजींनी ती बघितलीसुद्धा नाही. रोज शंभर कागद त्यांच्या हातात येतात. त्यांनी ती शेजारी बसलेल्या, त्यांचे कागदपत्र बघणाऱ्या माणसाकडं दिली, म्हणाले, "हो जाएगा, हो जाएगा," आणि पुढच्या म्हातारीकडं वळले. त्या माणसानं ती इतर अर्जांच्या खाली सरकवली. त्या खोलीत घडीच्या चिठ्ठीचा अर्थ माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो मी होतो. परत मागायला हात पुढं झाला होता. तेवढ्यात कुणीतरी मागून ढकललं, "अरे आगे बढ़ो भाई."

तीन दिवसांनी पक्षाच्या मंडल अध्यक्षांचा फोन आला. रविवारी दुपारी बैठक आहे, जरूर यायचं. 'जरूर' त्यांनी दोनदा म्हटलं.

बैठक एका धर्मशाळेच्या दिवाणखान्यात होती. चाळीसेक माणसं सतरंजीवर. टेबलावर, फुलदाणीखाली दाबून, माझी चिठ्ठी उघडी ठेवलेली. घड्यांच्या खुणा मला दारातूनच दिसल्या. भैयाजी मध्ये बसले होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. अध्यक्षांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. माझी चुकलेली हिंदी त्यांनी चुकांसकट वाचली. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, मरहट्ठा तलवार निकाल लिया!" आणि सगळे हसले. दुसरा म्हणाला, "आज चिट्ठी लिखे हैं, कल अख़बार में छपवाएँगे."

अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "सच-सच बताओ, किसने लिखवाया?"

मला आधी प्रश्नच समजला नाही. मग लक्षात आलं. भट्टीवाला, आठवीतून शाळा सोडलेला, हा असं काही लिहील कसा? पक्षातल्या दुसऱ्या गटाच्या कुणीतरी त्याच्या हातून लिहून घेतलं असणार. ते वाट बघत होते मी कुणाचं नाव घेतो याची. खरं तर त्या क्षणी माझ्यासाठी पळवाट होती. एक नाव घेतलं असतं, कुठलंही, तर माझी सुटका झाली असती.

"किसी ने नहीं. मैंने ही लिखा," मी म्हणालो.

आणि मग मी बोललो. आयुष्यात एकदाच बोललो. भिंतीला टेकून बोललो. मी म्हणालो, भैयाजी, तुम्ही माझ्याशेजारी बाकावर बसलात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणूनच सांगतो, कारण इथं दुसरं कुणी सांगणार नाही. तुम्ही एक बोललात आणि दुसरं लिहिलंत. भट्टी हटवायची होती तर हटवायची, पण आमच्या तोंडावर सांगायचं होतं. सात घरं आहेत. ती तुमचीच माणसं आहेत, तुम्हाला मत दिलेली. त्यांनी मला विचारलं आणि मी तुमच्यासाठी जबान दिली. आता मी गल्लीतून मान वर करून जाऊ शकत नाही. तुम्ही उद्या या आणि काय खरं ते सांगा. दरवाजे उघडून द्या, नाही तर नाही म्हणून सांगा.

कुणी हसलं नाही.

भैयाजी उठले. सतरंजीवरून वाट काढत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी मला मिठी मारली. घट्ट. लोकांकडं वळून म्हणाले, "ये घर का आदमी है। घर का आदमी घर में नहीं बोलेगा तो कहाँ बोलेगा? हमको ऐसे ही लोग चाहिए." टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला, मग "एक और, भैयाजी इधर देखिए" म्हणून आणखी एक. मी रडत होतो. खरं सांगायचं तर त्या मिठीत मला बरं वाटलं. त्यांच्या अंगाला तोच साबणाचा वास होता. मला वाटलं, झालं, काम झालं.

मग समोसे आले. अध्यक्ष पुढच्या विषयाकडं वळले, कुणा पाहुण्याच्या स्वागताच्या कमानी कुठं-कुठं उभारायच्या त्याकडं. भट्ट्यांचं कुणी काही बोललं नाही, आणि समोसा हातात असताना पुन्हा उभं राहायचं मला सुचलं नाही.

मी गल्लीत पोचायच्या आधी फोटो पोचला होता. पक्षाच्या ग्रुपवर खाली लिहिलं होतं, 'कार्यकर्ता से आत्मीय संवाद'. तात्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर तो बघितला होता.

"गळ्यात पडून आलास व्हय?"

"तात्या, मी समदं बोललो. समद्यांसमोर बोललो."

"फोटूत तर रडतोयस लेका. बोलताना कुनी काढलाच न्हाय का फोटू?"

मंगळवारी सरकारी माणसं परत आली. गल्लीत सगळे बाहेर आले, बायका दारात. त्यांनी माझ्या गाळ्याचं सील तोडलं, माझी सही घेतली आणि निघाले. मी मागं धावलो. "साहेब, बाकी?"

"हमारे पास एक का ही आदेश है."

मी गल्लीच्या मधोमध उभा होतो. माझं दार उघडं, सहा बंद. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या एका क्षणासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. मुलीची शाळा, खोलीचं भाडं, सगळं त्या एका क्षणात जागेवर बसलं होतं. मग वर बघितलं तर तात्या समोरच्या पायरीवरून माझ्याकडं बघत होते, आणि मला कळलं की त्यांनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

"तात्या, माझी भट्टी समद्यांनी वापरायची. पाळीपाळीनं."

"न्हाय रं," ते म्हणाले. रागानं नाही. "त्यांनी तुला दिलीया. तू पेटव."

मी भैयाजींकडं गेलो. म्हणालो, सहा राहिल्या आहेत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "तुम्हारा हो गया न? सबका एक साथ नहीं होता, समझा करो." आणि आवाज खाली करून, जवळजवळ प्रेमानं म्हणाले, "ऐसा फिर मत लिखना. हम नाराज़ नहीं हैं. पर लोग ग़लत मतलब निकालते हैं." मी म्हणालो, जी. मला अजून वाटतं की ते त्या क्षणी खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशोबी त्यांनी माझं ऐकलं होतं. मी ओरडलो, मला दिलं. आणखी काय हवं असणार एका माणसाला?

दोन घरं कानपूरकडं गेली, एक पाटण्याला, दोघं गावी परत. सगळ्यांत शेवटी तात्या. दुपारच्या गाडीनं निघाले. मी स्टेशनवर गेलो, त्यांचं बोचकं उचलायला हात लावला तर त्यांनी उचलू दिलं. एवढंच. डब्यात बसल्यावर खिडकीतून म्हणाले, "बोललास त्ये बरं केलंस. आमी कुनीच बोललो नसतो." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा ते खोकत खोकत दुसरीकडं बघायला लागले. गाडी हलली तरी त्यांनी परत इकडं बघितलं नाही.

आता सराफ्यातलं सगळं काम माझ्याकडं येतं. सात भट्ट्यांचं काम एका भट्टीवर, त्यामुळं आवरत नाही. एका भट्टीचा धूर गेस्टहाउसवाल्यांना चालतो; वरून हात करून 'राम-राम' म्हणतात. बायको म्हणते, पक्ष सोडा. सोडून काय होणार, हे तिलाही सांगता येत नाही. सोडला तर उद्या हे दार पण बंद होईल, आणि दार उघडं ठेवायचं तर बैठकांना जायलाच पाहिजे. म्हणून जातो.

गेल्या महिन्यात नव्या कार्यकर्त्यांचं शिबिर होतं. अध्यक्ष भाषणात म्हणाले की आपल्या पक्षात नेत्यालासुद्धा तोंडावर बोलायची मोकळीक आहे, दुसरीकडं कुठं बघायला मिळणार नाही. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ये बैठे हैं हमारे मराठा. इन्होंने भरी बैठक में भैयाजी को सुनाया था. भैयाजी ने क्या किया? गले लगाया. खड़े हो जाइए, सब देखें."

नव्या मुलांनी माना वळवल्या. पहिल्या रांगेत बसलेले भैयाजी पण वळून माझ्याकडं बघून हसले.

मी उभा राहिलो. लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्या थांबेपर्यंत मी हात जोडून उभाच होतो.